वापरलेला सीआरटी प्रोजेक्टर घरी बसवावा का? माझं मत: बसवा, पण जुळवणी स्वतः करणार असाल तरच

निळीशाई

इथल्या एका नव्या सदस्याने विचारलं होतं की, एका सभागृहातून उतरवलेला ७ इंची ट्यूबांचा सीआरटी प्रोजेक्टर (लाल, हिरवी, निळी अशा तीन पिक्चर ट्यूबांचं आणि तीन लेन्सचं जुनं यंत्र) मिळतोय, सिनेमे बघायला घरी बसवावा का. बहुतेकांनी ‘भंगार आहे, नादी लागू नका’ एवढंच लिहून विषय मिटवला. मला ते अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढतेय.

खोली पूर्ण अंधारी होत असेल आणि जुळवणी (तिन्ही रंगांची चित्रं पडद्यावर नेमकी एकमेकांवर बसवणं) स्वतः शिकायची तयारी असेल, तर आजही हे यंत्र बसवण्याच्या लायकीचं आहे. दोन्हींपैकी एक जरी अट पूर्ण होत नसेल तर मात्र घेऊ नका.

मुख्य कारण काळा रंग. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये दिवा किंवा लेझर पेटलेला असतो आणि पॅनेल तो अडवतं. थोडा उजेड पाझरतोच. सीआरटीत चित्र जिथे काळं आहे तिथे इलेक्ट्रॉनचा झोत तोडलेला असतो, म्हणजे उजेड तयारच होत नाही. रात्रीच्या दृश्यात पडदा कुठे संपला ते कळत नाही. दुसरं कारण हालचाल. फॉस्फरचा (झोत पडला की उजळणाऱ्या ट्यूबच्या आतल्या लेपाचा) प्रत्येक बिंदू क्षणभर उजळतो आणि विझतो, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरताना चित्र फरफटत नाही.

ज्यांना सीआरटीचं चित्र मळकट वाटलं, त्यांनी बहुधा उलट्या क्रमाने जुळवलेलं मशीन पाहिलंय. लोक मशीन छताला टांगतात आणि लगेच रिमोट घेऊन लाल-निळ्या रेघा हिरव्यावर आणायला लागतात. ते सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी अंतर. या लेन्सना झूम नसतो, पडद्याची रुंदी ठरली की मशीनची जागाही ठरली. सूत्र पुस्तिकेत असतं, ते तंतोतंत पाळायचं. मग लाल आणि निळ्या ट्यूबांचा आत वळलेला कोन, मग लेन्सचा कल, मग मध्याचा आणि कडांचा लेन्स फोकस. हे सगळं पान्याने आणि हाताने करायचं. इथे राहिलेली चूक रिमोटने झाकता येते, पण चित्राची धार गेलेली परत येत नाही.

त्यानंतर ट्यूबच्या मानेवरच्या चुंबकी कड्या. बहुतेक जण इथे हात लावत नाहीत आणि चित्र इथेच हातचं जातं. ठिपक्यांचा पॅटर्न (चाचणीचं चित्र) लावा आणि इलेक्ट्रॉनिक फोकस मुद्दाम बिघडवा, म्हणजे ठिपका फुगेल. तो लांबट फुगला तर ४ ध्रुवांची कडी फिरवायची, तीन टोकं दिसली तर ६ ध्रुवांची. तो गोल फुगायला हवा, आणि फोकस पुढेमागे करताना त्याचा मध्य जागचा हलता कामा नये. हलत असेल तर २ ध्रुवांची कडी. हे जमलं की फोकस परत आणा. ठिपका टोकदार झालेला पहिल्यांदा दिसतो तेव्हा कळतं की इतके दिवस काय बघत नव्हतो.

मग फक्त हिरवा रंग चालू ठेवून भूमिती. पडद्याच्या मधोमध एक आडवा आणि एक उभा दोरा ताणून बांधा आणि हिरव्या पॅटर्नची मधली रेघ त्या दोऱ्यावर आणा. नुसत्या डोळ्याला वाकडी रेघ सरळ वाटते, दोरा फसत नाही. हिरवा पक्का झाला की लाल त्यावर, मग निळा त्यावर, दर वेळी मधून बाहेर. सुरुवात करण्याआधी मशीन निदान अर्धा तास तापू द्या, नाहीतर जुळवलेलं सगळं थोड्या वेळाने सरकतं.

लखलख

असहमत. लेख चांगला आहे, पण उजेडाचा आकडा तुम्ही दिलाच नाही. या मशीनचा खरा उजेड दोनशे ते तीनशे एएनएसआय लुमेन (प्रोजेक्टरचा उजेड मोजायचं एकक) असतो. २५० धरू. ३ मीटर रुंद १६:९ पडद्याचं क्षेत्रफळ ५ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे साध्या पडद्यावर सुमारे १६ निट्स (पडद्यावरच्या चित्राच्या तेजाचं एकक). डिजिटल सिनेमागृहाचं प्रमाण ४८ निट्स आहे. तिसराच हिस्सा! घरी मोठा पडदा हवा म्हणून प्रोजेक्टर घ्यायचा, आणि पडदा मोठा केला की चित्र विझल्यासारखं दिसतं.

शिवाय ‘काळा’ हा तुमचा मुद्दा पूर्ण काळ्या दृश्यापुरता खरा आहे. चित्राचा अर्धा भाग उजळ आणि अर्धा काळा असेल तेव्हा काय होतं? ट्यूबच्या काचेत आणि लेन्समध्ये उजेड परावर्तित होऊन काळ्या भागात पसरतो. बुद्धिबळाच्या पटासारखा पॅटर्न लावून मोजलं तर चांगला डीएलपी (डिजिटल प्रोजेक्टरचा एक प्रकार) सीआरटीच्या पुढे जातो. बहुतेक सिनेमा काही पूर्ण अंधारात घडत नाही.

निळीशाई

@लखलख, गणित बरोबर आहे, पण पडदा तुम्ही निवडलात. २ मीटर रुंदी घ्या. क्षेत्रफळ २.२५ चौरस मीटर, साध्या पडद्यावर सुमारे ३५ निट्स, आणि १.३ गेनच्या (म्हणजे समोर १.३ पट उजेड परत फेकणाऱ्या) पडद्यावर ४६. सिनेमागृहाच्या जवळ आलो की नाही? ७ इंची ट्यूबांना ३ मीटरच्या पडद्यावर झोकायचंच नसतं.

याहून जास्त गेनचा पडदा मात्र कुणी घेऊ नका. तीन लेन्स तीन जागी असतात, त्यामुळे जास्त गेनच्या पडद्यावर डावीकडे बसणाऱ्याला एक छटा दिसते आणि उजवीकडे बसणाऱ्याला दुसरी.

परावर्तनाचं मान्य, पण ते मुख्यतः ट्यूब आणि लेन्स यांच्यात हवा असते तेव्हा. द्रवाने जोडलेल्या लेन्समध्ये हा त्रास बराच कमी होतो. सोनीचा जी९०, बार्कोचा सिने ९, मार्की ९५००एलसी ही ९ इंची मशीन त्याच पद्धतीची. पर्याय असेल तर हवावाला घेऊ नका, हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

दुरुस्तीवाला

मी ही मशीन उघडून दुरुस्त केलेली आहेत, आणि मला हा धागा वाचून काळजी वाटली. ट्यूबच्या अॅनोडला (जाड वायरीने जोडलेल्या धन टोकाला) तीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो. मशीन बंद केलं, वायर काढली, तरी ट्यूब आणि पॉवर सप्लायचे कपॅसिटर चार्ज धरून बसतात. आणि निळीशाई ताई, त्या चुंबकी कड्या मशीन चालू असतानाच फिरवाव्या लागतात. नवख्या माणसाला झाकण उघडून चालू मशीनमध्ये हात घालायला सांगताय, तेही धोक्याचं एक वाक्य न लिहिता. हे मला मान्य नाही.

दुसरं, सुटे भाग. नव्या ट्यूबा आता बनत नाहीत. मिळतात त्या दुसऱ्या मेलेल्या मशीनमधल्या. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असतात, झोत वळवणाऱ्या डिफ्लेक्शन बोर्डवरचे सोल्डरचे सांधे उष्णतेने तडकलेले असतात. चित्र अधूनमधून थरथरतं तेव्हा दोष शोधायला दिवस जातो. वजनाचंही बोला. ९ इंची मशीन शंभर किलोच्या पुढे जातं. छताला ते नीट बांधलं नसेल तर खाली बसलेल्या माणसांच्या डोक्यावर ते टांगलेलं आहे.

निळीशाई

@दुरुस्तीवाला, धोक्याबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. चालू मशीनवर काम करताना अंगठी-कडं-घड्याळ काढून, एकच हात आत, दुसरा माणूस स्विचजवळ उभा, आणि अॅनोडच्या जाड वायरीच्या आसपास काहीही नाही. ज्याला याची सवय नाही त्याने हे काम जाणकाराकडून करून घ्यावं. काही वरच्या मॉडेलमध्ये ठिपक्याचा आकार रिमोटनेच सुधारता येतो, तिथे झाकण उघडायची गरजच नाही. पण ‘धोका आहे म्हणून कड्यांना हातच लावू नका’ हे मी मानणार नाही. मग मशीन घ्यायचंच कशाला?

छताचं म्हणाल तर, जमिनीवर ठेवा की! सीआरटी जमिनीवर ठेवूनही चालतो, सेटिंग तेवढं बदलतं. बसायची जागा अडते, पण जुळवणी करणंही सोपं जातं.

अंधारयात्री

मी सीआरटीच्या बाजूचा, पण अजून कुणी सिग्नलचा विषय काढला नाही. या मशीनला आरजीबी (लाल, हिरवा, निळा) आणि सिंकच्या (चित्राच्या वेळेचे इशारे देणाऱ्या) अशा पाच वायरी लागतात, एचडीएमआय नाही. आणि ब्लू-रेच्या कॉपीरक्षणाच्या नियमांमुळे २०१० नंतर बनलेल्या प्लेअरच्या अॅनालॉग आउटपुटवर फक्त जुन्या टीव्हीइतकं चित्र येतं, २०१३ नंतर बनलेल्यांवर तर अॅनालॉग आउटपुटच नाही. म्हणजे मध्ये कन्व्हर्टर आला, आणि चित्राची पहिली गाळणी तोच ठरतो. स्वस्तातला डबा लावून ‘सीआरटी धूसर असतो’ म्हणणारे बरेच भेटलेत.

दुसरी गोष्ट, १०८०पीचा (१०८० ओळींच्या चित्राचा) हट्ट. ६० हर्ट्झला १०८०पीसाठी आडवी वारंवारता (सेकंदाला किती ओळी काढायच्या तो वेग) ६७.५ किलोहर्ट्झ लागते. मशीनने ती पकडली म्हणजे सगळे तपशील दिसले असं नाही. ७ इंची ट्यूबवर झोताचा ठिपका इतका बारीक होत नाही, ओळी एकमेकींवर चढतात. तिथे ४५ किलोहर्ट्झचं ७२०पी जास्त स्वच्छ दिसतं. ९ इंची असेल तर मात्र सिनेमा ७२ हर्ट्झला चालवून बघा. २४ चौकटी बरोबर तीन-तीनदा दिसतात आणि हालचालीतला गचका जातो. त्याला ८१ किलोहर्ट्झ लागतात, ७ इंचीला ते झेपायचं नाही.

सदाफोकस

सगळे तांत्रिक बोलताय, मी प्रेक्षक म्हणून विरोधात लिहितो. आमच्याकडे हे मशीन बरीच वर्षं होतं. चित्र सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण घरातल्या दुसऱ्या कुणालाही ते लावता यायचं नाही. तापेपर्यंत थांबा, ऋतू बदलला की निळा सरकलेला, सबटायटल स्थिर राहिली तर ट्यूबवर डाग पडेल याची धास्ती. पाहुणे आले की खेळ किंवा बातम्या लावायची चोरी, कारण कोपऱ्यातली वाहिनीची खूण फॉस्फर खाते. पंख्यांचा आवाज वेगळाच. सिनेमा सगळ्यांनी मिळून बघायचा असतो. एकाच माणसाला चालवता येणारं यंत्र घरातल्या खोलीत बसवू नये, असं मला मनापासून वाटतं. आता लेझर प्रोजेक्टर आहे, काळा रंग कमी काळा आहे, आणि सगळे रोज बघतात.

लखलख

@सदाफोकस +१. हेच मला सांगायचं होतं आणि आकड्यांत सांगता आलं नाही.

निळीशाई

@सदाफोकस, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि उगाच देणारही नाही. एकच सुचवते. ट्यूब झिजू नये म्हणून कॉन्ट्रास्ट खाली ठेवा आणि वाहिन्या त्यावर लावूच नका, त्यासाठी टीव्ही ठेवा. सीआरटी फक्त सिनेमासाठी.

नवखा

मूळ प्रश्न माझाच होता. सगळ्यांचे आभार. काल मशीन बघून आलो. ७ इंची, हवावाला (ट्यूब आणि लेन्समध्ये द्रव नसलेला). तासांचा आकडा कमी दाखवतोय. मालकाने लेन्समधून टॉर्च मारून ट्यूब दाखवल्या. लाल आणि निळी ठीक वाटल्या, हिरव्या ट्यूबवर करड्या रंगाचा स्पष्ट चौकोन आहे, ४:३ आकाराचा. मी फक्त १६:९ बघणार. घेऊ का?

दुरुस्तीवाला

नको. तासांच्या आकड्यावर जाऊ नका, तो शून्यावर आणता येतो. ट्यूबचा चेहराच खरं सांगतो, आणि हिरव्याचा चेहरा थकलेला आहे. चित्राचा सगळ्यात जास्त उजेड हिरव्यातूनच येतो.

निळीशाई

मी इतक्यात ‘नको’ म्हणणार नाही. १६:९ चित्र त्या चौकोनाच्या रुंदीतच बसवलं तर ते सगळं सारख्या झिजलेल्या भागावर पडतं, चौकोनाची कड चित्रात येत नाही. फक्त उजेड कमी मिळेल. @नवखा, परत जाऊन एवढं बघा. मशीन अर्धा तास चालू ठेवा आणि लाल, हिरवा, निळा एकेक करून पूर्ण पडदाभर लावा. हिरव्यात मधे मळकट पट्टा किंवा कोपऱ्यात काळपट भाग दिसला तर सरळ परत या. तसं नसेल तर कॉन्ट्रास्ट मध्यावर ठेवून रेघांचा पॅटर्न लावा आणि रेघांच्या कडा फुलतात का ते बघा. थकलेल्या ट्यूबची रेघ कॉन्ट्रास्ट थोडा वाढवला तरी जाड होते. चित्र तुमच्या पडद्याच्या रुंदीचं करूनच बघा, लहान पडद्यावर सगळंच छान दिसतं.

दुरुस्तीवाला

हे सगळं झाकण न उघडता होण्यासारखं आहे, म्हणून माझी हरकत नाही. जाताना सोबत कुणाला तरी न्या, आणि हिरव्या ट्यूबचा फोटो टॉर्च तिरका धरून काढा, समोरून मारला तर झीज दिसत नाही. फोटो इथे टाका, मग बोलू.