ऑस्ट्रेलिया : सहकारी नर्स नशेत असेल तर मॅनेजरला सांगणं पुरतं का?

रात्रपाळी :
समजा, व्हिक्टोरियातल्या रुग्णालयात रात्री बरोबरच्या नर्सच्या तोंडाला दारूचा वास येतोय, जीभ जड झालीय आणि शेड्यूल ८च्या (कडक नियंत्रणातल्या औषधांच्या) रजिस्टरात ऑक्सिकोडोन या तीव्र वेदनाशामकाच्या दोन गोळ्या कमी भरतायत. नर्स युनिट मॅनेजरला सांगितलं. जबाबदारी संपली, की आप्राकडेही (AHPRA, आरोग्य-व्यावसायिकांची नोंदणी बघणारी राष्ट्रीय संस्था) कळवायचं? आणि संशय खोटा ठरला तर?

कलम१४१ :
संपली नाही. नॅशनल लॉच्या (आरोग्य-व्यावसायिकांच्या नोंदणीच्या कायद्याच्या) कलम १४१ची कळवण्याची जबाबदारी नोंदणीकृत नर्स म्हणून तुमच्यावर आहे, रुग्णालयाची वेगळी, कलम १४२मध्ये. मॅनेजर "बघते मी" म्हणाल्या म्हणून तुमची सुटत नाही. आप्राकडे खबर गेल्याचं तुम्हाला माहीत असेल, किंवा तसं मानायला सबळ कारण असेल, तरच सूट. तेव्हा सरळ विचारा, "कळवलंत का, कधी?" उत्तर ईमेलवर घ्या. बहुतेक जण नेमके इथेच गाफील राहतात.

नशेत काम करणं एवढंच पुरेसं आहे, रुग्णाला इजा व्हायची वाट बघायची नसते. पार्टीत प्यायलेलं मात्र यात येत नाही.

गोळीबाज :
गोळ्यांचा मुद्दा वेगळा ठेवा. मोजणीतली तफावत म्हणजे आपोआप चोरी नव्हे. आधीच्या पाळीत एक नोंद राहिली तरी आकडा चुकतो. त्याच पाळीत दुसऱ्या नर्ससोबत पुन्हा मोजा आणि रुग्णालयाच्या पद्धतीनं नोंदवा. दोन्ही गोष्टी एका वाक्यात बांधल्या की तक्रार कच्ची होते.

लिहिताना "दारुडी आहे" नको. "०२:४०, औषधांच्या खोलीत, वास आला, दोनदा चुकीच्या बेडकडे गेली" असं लिहा. कँटीनमधली कुजबुज म्हणजे सबळ कारण नव्हे. आणि तक्रारीनं आजची रात्र सुरक्षित होत नाही, आधी इनचार्जला सांगून तिला औषधं देण्यापासून थांबवा!

कलम१४१ :
संशयाबद्दल राहिलं : प्रामाणिकपणे कळवलं असेल तर कलम २३७चं संरक्षण आहे, तुमच्यावर दावा लागत नाही. न कळवणं हा फौजदारी गुन्हा नाही, पण नर्सिंग बोर्ड तुमच्यावर कारवाई करू शकतं.

जीपी_दादा :
एक पुरवणी. मी जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर. तीच नर्स माझ्याकडे रुग्ण म्हणून आली तर मार्च २०२०पासून कळवण्याच्या सक्तीची माझी पायरी उंच आहे : लोकांना हानीचा मोठा धोका असेल तरच सक्ती. लैंगिक गैरवर्तनाला ही सवलत नाही. नैराश्यावर नीट उपचार चालू आहेत, काम सुरक्षित आहे, तर कळवण्यासारखं काही नाही. या भीतीनं डॉक्टर टाळू नका.