मदत हवी आहे: स्लीव्ह सर्जरीनंतर माळकरी सासूबाईंचं खाणं, त्यात आषाढीचा उपास

ओवी_आणि_ओटा:

नमस्कार मंडळी,

आमच्या आईंची (सासूबाई, वय ५८) वजन कमी करायची स्लीव्ह शस्त्रक्रिया होऊन महिना होत आला. दुर्बिणीतून झाली, टाके सुकले, घरातल्या घरात फिरतात. डॉक्टरांनी शुगरच्या गोळ्याही कमी केल्यात. घोडं अडलंय ते खाण्यापाशी.

हॉस्पिटलने हातात दिलेला डाएटचा कागद कुठल्यातरी परदेशी कागदावरून उतरवलेला दिसतोय. चिकन ब्रॉथ, ट्यूना, स्क्रॅम्बल्ड एग. आई माळकरी! अंड्याचं नाव काढलं तरी उठून जातील. तिथल्या डाएटिशियनबाई फोनवर 'रोज ६० ग्रॅम प्रोटीन, दीड-दोन लिटर पाणी, जेवताना पाणी नाही' एवढं सांगून मोकळ्या होतात. ते ६० ग्रॅम आणायचे कुठून, ते त्या कागदात नाही.

सध्या पोटात जातं ते असं: सकाळी अर्धा कप चहा, मग वरणावरचं पाणी, दुपारी तूप-मीठ-मऊभात, संध्याकाळी ताक, रात्री पेज. मऊभाताचे तीन-चार घास झाले की छातीच्या मध्यभागी काहीतरी अडकल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं आणि पांढरा फेस उलटून पडतो. हे रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी होतंच. वर नणंदबाईंचा फोन असतोच, 'अगं, पेज तरी पोटभर दे त्यांना.' पोटच आता केवढं राहिलंय, ते कोणाला समजावू?

आणि पुढच्या आठवड्यात आषाढी. 'इतक्या वर्षांत एकादशी मोडली नाही, आता नाही मोडायची,' हे ऐकवून झालंय. साबुदाण्याची खिचडी मऊ करून दिली तर चालेल का? भगर? हे पथ्य सांभाळून शाकाहारी प्रोटीन कोणी कसं भागवलंय, आणि तो फेस म्हणजे काही काळजीचं आहे का, तेही सांगा.

---

निवांत_नाशिककर:

माझं वजनासाठीचं पोटाचं बायपास झालंय (हृदयाचं नाही), स्लीव्ह नाही, पण पहिले दोन-तीन महिने सारखेच जातात. आधी भात बंद करा. मऊभात, पोळी, ब्रेड यांचा पोटात चिकट गोळा होतो आणि तो पुढे सरकत नाही. तुम्ही लिहिलेला फेस त्याचाच. मला वरण-भातापेक्षा नुसतं घट्ट वरण सोसायचं.

दुसरं म्हणजे पोट भरल्याची खूण बदलते. पूर्वीसारखं जड वाटत नाही. मला उचकी लागायची किंवा एकदम नाक गळायला लागायचं. ती खूण आली की हातातला चमचा ताटात ठेवायचा, 'एवढा एक घास संपवते' नाही. आईंना काय होतं ते दोन दिवस समोर बसून बघा, प्रत्येकाचं वेगळं असतं. चमचा चहाचा घ्या, आणि एवढ्याशा वाटीलाही वीस-पंचवीस मिनिटं लागू द्या.

गोडाचं जपून. बायपासवाल्यांना जास्त त्रास होतो, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतो. मी सणाला वाटीभर बासुंदी प्यालो आणि पंधरा मिनिटांत दरदरून घाम, धडधड, पोटात मुरडा. त्याला डम्पिंग म्हणतात हे नंतर कळलं.

---

सह्याद्रीवारा:

अहो, ही ऑपरेशनं करायचीच कशाला? रोज सकाळी ओवा-जिरं-दालचिनीचा काढा आणि लिंबू-मध घ्यायला सांगा. पोटही साफ राहील.

---

पथ्यपाणी:

@सह्याद्रीवारा, ऑपरेशन झालेलं आहे. आता 'कशाला' याचा कोणालाच उपयोग नाही. नुकत्या शिवलेल्या पोटात तिखट काढा ओतू नका, आणि शुगर असलेल्या बाईंना मध तर नकोच.

@ओवी, मी आहारतज्ज्ञ आहे, असे पेशंट बघते. पण आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे खालचं सगळं तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. एका वेळी पाव-अर्धी वाटीच मावणार, म्हणून तिथे आधी प्रोटीन जायला हवं. वरणावरचं पाणी आणि पेज यांनी जागा भरते आणि हाती काही लागत नाही. आत्ता करताय त्याच्या उलट करायचंय: वरणाचं पाणी टाका आणि खालची डाळ घ्या.

अंड्याशिवाय ६० च्या आसपास जाता येतं. दिवसभरात थोडं थोडं करून ४०० मिली कमी साईचं दूध (१३ ग्रॅम), डब्यातल्या चमच्याने एक माप व्हे पावडर, म्हणजे दुधातल्या प्रोटीनची पावडर (२० ते २४), ५० ग्रॅम मऊ पनीर हाताने चुरून (९), अर्धी वाटी चक्का (सात-आठ), अर्धी वाटी घोटलेलं घट्ट मुगाचं वरण (पाचेक). व्हे एकदम पाजू नका, दोन-तीन भागांत द्या. दुधाने पोट गुबारलं तर दुधाऐवजी ताक-चक्का वाढवा, ऑपरेशननंतर काहींना दूध सोसत नाही. फोडणी, तिखट आणि वरून तूप आत्ता नको.

पाणी आणि जेवण यांत दोन्हीकडे अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. बाकी दिवसभर घोट-घोट चालू. स्ट्रॉ आणि सोडा नको.

गोळ्यांकडे लक्ष द्या. शाकाहारी, त्यात जठर लहान, आणि शुगरसाठी मेटफॉर्मिन असेल तर बी-१२ कमी व्हायला तीन-तीन कारणं. तपासणी करून घ्या, इंजेक्शनही लागेल कदाचित. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र देऊ नका, दोन तासांचं अंतर हवं. लोहाच्या गोळीवर लगेच चहा नाही. कॅल्शियम सायट्रेट आहे का तेही पाहा, कमी आम्ल असलेल्या पोटात ते कार्बोनेटपेक्षा चांगलं शोषलं जातं. गुडघे दुखले म्हणून घरातली ब्रुफेन-डायक्लोफेनॅक परस्पर देऊ नका. आणि तीन-चार महिन्यांनी केस गळायला लागले तर घाबरू नका, बहुतेक वेळा पुन्हा येतात.

फेसाबद्दल. घाईने किंवा चिकट खाल्ल्यावर कधीमधी होतो, ते एक. पण पाणीसुद्धा टिकत नसेल, रोज उलट्या होत असतील, ताप असेल, छातीत धडधड होत असेल, पोटात किंवा डाव्या खांद्यात जोराची कळ येत असेल, तर धाग्यावर उत्तराची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. उलट्या लांबल्या की शरीरातलं बी-१ संपतं. दोन-दोन दिसणं, चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी जवळच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावून घेऊ नका, आधी बी-१ चं इंजेक्शन हवं, हे तिथे ठणकावून सांगा.

---

ओवी_आणि_ओटा:

खूप आभार. 'खालची डाळ घ्या' हे आमच्याकडे कोणी सांगितलंच नव्हतं. पाणी टिकतंय, ताप नाही. पण एकादशीला डाळ चालत नाही, मग काय?

---

पथ्यपाणी:

डाळीचे पाच ग्रॅम गेले, एवढंच. दूध, चक्का, पनीर, ताक सगळं उपासाला चालतं. साबुदाणा मात्र नको. तो निव्वळ पिठूळ, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन एक ग्रॅमही नाही, शिवाय भातापेक्षा चिकट. शेंगदाण्याचं कूट आत्ता जड जाईल. काहीतरी 'फराळाचं' हवंच असेल तर राजगिऱ्याच्या लाह्या गरम दुधात पूर्ण मऊ होईपर्यंत भिजवून चार चमचे. भगर दोन महिन्यांनी बघू.

निर्जळी अजिबात नाही. शुगरच्या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगून त्या दिवशीचा डोस विचारा. काही गोळ्या रिकाम्या पोटी शुगर एकदम खाली आणतात. बीपीची असेल तर तीही विचारा, ऑपरेशननंतर चक्कर येण्याचं ते एक कारण असतं.

---

टाळचिपळी:

आमच्या घरी चार पिढ्यांची वारी आहे म्हणून बोलतो. पाणी, फळ, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, गुरूच्या वचनानेही नाही, असं शास्त्रातच आहे. आजाऱ्याला तर सूट आहेच. पण हे सुनेने सांगून सासू ऐकत नसते! ज्यांच्या हातून माळ घातली त्या महाराजांना फोन लावा आणि फोन सरळ आईंच्या हातात द्या.

---

निवांत_नाशिककर:

व्हे पावडर उपासाला चालते का, हा पुढचा प्रश्न येणार! चीज-पनीर करताना निवळणाऱ्या पाण्यापासून करतात, म्हणजे दुधाचंच. डब्यावर हिरवा ठिपका आहे ना ते बघा आणि आईंनाही दाखवा. चॉकलेटची चव घेऊ नका, बिनचवीची घेतलीत तर ताकातही खपते.

---

ओवी_आणि_ओटा:

महाराजांशी बोलणं झालं. 'माउली, दूध घ्या, औषध घ्या, आणि डॉक्टर म्हणतील ते खा,' म्हणाले. आईंनी लगेच विचारलं, 'मग पावडर दुधात की ताकात?' गोळीचं डॉक्टरांना विचारलंय, एकादशीच्या दिवशी शुगर दोनदा तपासायला सांगितलीय. बिनचवीच्या व्हेची गुठळी होते ती कशी मोडायची, मिक्सर की रवी?

---

निवांत_नाशिककर:

रवी. आधी दोन चमचे गार ताकात पेस्ट करा, मग बाकीचं ओता. गरम दुधात टाकलीत तर फाटल्यासारखी दिसते. आणि मिक्सरने हवा भरते, ती पोटात गेली की पुन्हा ढेकरा.