मोठ्या झालेल्या मतिमंद मुलांना मनोरुग्णालयात ठेवावं का?

रानवारा: कालच्या पोस्टमध्ये वाचलं, 'मतिमंद मुलं मोठी झाली की आवरत नाहीत, सरळ मनोरुग्णालयात ठेवावं'. रात्रभर डोक्यातून गेलं नाही. माझा भाऊ ३४ चा, बोलता येत नाही. मध्ये अचानक स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला लागला, ताट भिरकावायचा. अ‍ॅडमिट केलं, तीन आठवडे गुंगीच्या औषधांवर लाळ गळत पडून होता. घरी आणल्यावर आईला भरवताना दिसलं की घास एकाच बाजूने चावतोय. दुसरीकडची दाढ पार किडलेली! काढली आणि मारणं थांबलं. तिथे कुणी तोंड उघडून बघितलं नव्हतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मतिमंदत्व मानसिक आजारात धरलेलंच नाही, मग कायमचं ठेवणार कसं?

सांजवात: पोस्ट माझीच. माझा मुलगा २६ चा, ९० किलो. नवरा गेला, मी ६१ ची. श्रावणात त्याने माझं मनगट मोडलं. शाळा १८ ला संपली, अशा मोठ्या मुलांसाठीच्या वर्कशॉपवाले मारतो म्हणून घेत नाहीत. तुमच्याकडे आई आहे, तुम्ही आहात. माझ्याकडे कोण?

कोकणी६४: आधी मतिमंद म्हणणं बंद करा, बौद्धिक अक्षमता म्हणा.

सांजवात: शब्द बदलून मनगट जुळतं का हो?

कोकणी६४: चिडू नका. गार्डियनशिप, म्हणजे कायदेशीर पालकत्व, काढलीत का? १८ नंतर आईसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाही. नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली कलेक्टरच्या समितीकडे अर्ज करा.

सांजवात: चार फेऱ्या झाल्या! दरवेळी नवा कागद, मुलाला समोर आणा म्हणतात, त्याला बसमध्ये आणायचं कसं ते सांगत नाहीत.

रानवारा: आमचे दीड वर्ष गेले त्यात. पण विषय तो नाहीये.

जुनी_सिस्टर: मी मनोविकार वॉर्डात काम केलंय. यांनाही डिप्रेशन, सायकोसिस (भास-भ्रम) होतं, तेव्हा भरती लागतेच, दारं बंद करा म्हणणं चूक. पण बोलता न येणारा पेशंट बिथरला तर आधी दात, कान, पोट, फिट बघायची. बद्धकोष्ठतेने डोकं आपटणारे बघितलेत मी. आणि बरं झाल्यावर केवळ घरचे नेत नाहीत म्हणून ठेवून घेता येत नाही, तेही कायद्यातच आहे. घर आणि हॉस्पिटल यांच्या मधली राहायची सोय हवी, ती जवळपास नाहीच.

रानवारा: भरती लागते हे मान्य, पण तपासणी झाल्यावर. ताई, तुमच्या मनगटाबद्दल मी आधी विचारायला हवं होतं.

सांजवात: दात बघून घेते. पण डेंटिस्ट म्हणतो भूल द्यावी लागेल, आणि फॉर्मवर पालकाची सही लागेल. म्हणजे परत कलेक्टर ऑफिस. पाचव्या फेरीला सोबत येणारं पुण्यात कुणी आहे का?