मदत हवी आहे: वायफाय प्रिंटर सारखा ऑफलाइन जातोय

घरचा प्रिंटर दर दोन-तीन दिवसांनी लॅपटॉपवर ऑफलाइन दाखवतो, प्रिंटरवरचा वायफायचा लाइट मात्र चालूच असतो आणि लॅपटॉपमधून काढून परत अॅड केला की लगेच प्रिंट येते. प्रिंटर वायफायचा फक्त २.४ गिगाहर्ट्झ बँड पकडतो, लॅपटॉप ५ वर असतो, पण राउटर एकच आहे म्हणजे त्याने फरक पडायला नको ना? काल बघितलं तर प्रिंटरचा आयपी अॅड्रेस (नेटवर्कवरचा त्याचा पत्ता) बदललेला आणि लॅपटॉपमधल्या प्रिंटरच्या पोर्ट सेटिंगमध्ये (लॅपटॉप प्रिंट कुठे पाठवतो ते) अजून जुनाच, मला तरी खरं कारण हेच वाटतंय. आता राउटरमध्ये आयपी रिझर्व्ह करू, म्हणजे तो प्रिंटरला कायम तोच देईल, की प्रिंटरमध्येच स्टॅटिक (न बदलणारा) टाकू? मुलीचे प्रोजेक्ट ऐनवेळी अडकतात हो, कोणी केलं असेल तर प्लीज नीट सांगा.