राष्ट्राध्यक्ष रातू एपेली नैलातिकाऊ

कोणीतरी लिहिलंय की फिजीचे माजी राष्ट्राध्यक्ष रातू (ही तिथल्या सरदारांची पदवी) एपेली नैलातिकाऊ म्हणजे रिटायर्ड लष्करी माणसाला दिलेलं शोभेचं पद, मला हे अजिबात पटत नाही. १९८७ मधे ते फिजीचे लष्करप्रमुख होते, मे महिन्यात ऑस्ट्रेलियाला गेले होते आणि तेवढ्यात त्यांच्याच हाताखालच्या राबुकाने कूप (लष्करी उठाव) केला, भारतीय वंशाच्या लोकांचा मोठा पाठिंबा असलेलं पंतप्रधान बावाद्रांचं सरकार महिन्याभरात पाडलं आणि यांचंही पद गेलं. मग लंडनला हायकमिशनर, पुढे परराष्ट्र खात्यात सचिव, २००१ पासून संसदेचे स्पीकर. त्यात २००० च्या कूपमधे त्यांची बायको कोइला, ती मंत्री होती, तिला बंडखोरांनी संसदेतच अनेक दिवस ओलीस ठेवलेलं. घरावर असं काही गुदरल्यावर माणूस सार्वजनिक आयुष्यातून बाहेर पडला असता, हे २००९ ला राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०१५ पर्यंत राहिले. हो, त्यांना नेमलं ते लष्करी सरकारने, हे मलाही खटकतं. पण त्या पदावरून ते शाळाशाळांत जाऊन मुलांशी एचआयव्हीबद्दल उघडपणे बोलत, आणि एवढ्या मोठ्या सरदार घराण्यातल्या माणसाने तिथे हा विषय काढणं मला फार मोलाचं वाटतं.