प्रतिसाद: उपनगरातली शेवटची डबल डेकर

मुंबईत बस चालवणाऱ्या ‘बेस्ट’ने जुन्या डबल डेकर प्रदूषणामुळे काढल्या, असं इथल्या चर्चेत म्हटलंय. थोडी दुरुस्ती करतो. त्या बसगाड्यांची १५ वर्षांची मुदत संपत आली होती, शिवाय प्रत्येक गाडीला दोन कंडक्टर लागत, त्यामुळे खर्चही जास्त. शेवटची जुनी डिझेल डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी ४१५ क्रमांकावर धावली, अंधेरी पूर्वेच्या आगरकर चौकातून सीप्झ या औद्योगिक वसाहतीला. म्हणजे १९३७ साली सुरू झालेला प्रवास उपनगरात संपला, याचं मला फार अप्रूप वाटतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अशा सुमारे ९०० गाड्या होत्या!

दोन कंडक्टरांचा तो मेळ बघण्यासारखा असे. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. खालच्याची नजर दारावर, वरचा तिकिटं फाडत, चिमट्याचा टिकटिक आवाज करत गर्दीतून वाट काढायचा. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळाली की फांद्या काचेवर आपटायच्या, आणि आम्ही पोरं दचकून मान खाली घालायचो.

१९६७ मध्ये आलेली जोडगाडी कुणाला आठवते का? पुढे इंजिनाचं वेगळं केबिन, मागे ट्रेलरसारखी दुमजली बस. आणिक आगारातल्या बेस्टच्या संग्रहालयात जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती आहेत, मुलांना घेऊन जरूर जा. तिकिटाचा चिमटाही त्यांना दाखवा.