घर चालतं कुणाच्या जिवावर? बेळगाव, निपाणी, खानापूरकडचे अनुभव

कर्नाटकातला मराठी सीमाभाग म्हटलं की आपलं बोलणं 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून सुरू होतं आणि सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगावरून 2004 सालच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यापर्यंत येऊन थांबतं. ते बोलणं चालू राहायलाच हवं. पण एवढ्या वर्षांत घरातलं म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं, पोराची फी भरायची राहिली, पुराचं पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा कुणी काय केलं हे कुठंच लिहून ठेवलेलं नाही. ते इथं लिहू या.

"आमच्या घरात फार एकोपा" एवढ्यावर थांबू नका. रात्री जागलं कोण, पैसे कुणी काढले, नोकरी कुणी सोडली, ते लिहा. नावं नकोत, गावाचा भाग सांगितला तरी पुरे.

माझं मत आधीच सांगते. अन्न, आसरा, औषधपाणी, चांगलं-वाईट शिकवणं, चुकलं तर कान धरणं ही कामं घरं करतात म्हणून गाव उभं असतं. पण "घर करतं" म्हणताना ते बहुतेक वेळा घरातली एकच बाई करत असते. काम वाटून घेतलेली घरं मी शाळेत शिकवताना जवळून पाहिली, आणि गल्लीच्या अडीनडीलाही तीच धावतात. जिथं सगळं एकटीवर पडलेलं असतं, त्या घराला शेजारी कोण आजारी आहे हे बघायला उसंत नसते.

बेळगाव, तीन बहिणींतली मधली

आमची आई शिनोळीची. गाव चंदगड तालुक्यातलं, म्हणजे महाराष्ट्रातलं, पण बाजार, दवाखाना, कॉलेज सगळं बेळगावात. आईला पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. आम्हाला भाऊ नाही. अक्का गडहिंग्लजला, मी बेळगावात, धाकटी खानापुरात. आई घर सोडायला तयार नव्हती, तेव्हा तिघींनी आठवडा वाटून घेतला.

पहिल्या महिन्यात आमची भांडणंच जास्त झाली. कोण किती वेळ राहिली, कुणी औषध द्यायला उशीर केला, यावरून. मग अक्कानं एक शाळेची वही आणली आणि दोरीनं खिळ्याला अडकवली. जी असेल तिनं लिहायचं: रात्री 2, डावी कूस. पहाटे 4, उजवी कूस, पाठ पुसली, टाच लाल दिसते. सकाळी 7, आंबील अर्धी वाटी, दोनदा ठसका. वही आल्यावर भांडणाला कारणच उरलं नाही. पुढची आली की आधी वही वाचायची, मग पदर खोचायचा.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांच्यासाठी लिहिते. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा. पाठ आणि कंबर ओली राहू देऊ नका. टाच गादीला टेकू नये म्हणून पोटरीखाली मऊ कापडाची घडी ठेवा. भरवताना पाठीला टेकू देऊन ताठ बसवा, हनुवटी जरा खाली घ्या, आणि आधीचा घास गिळला की मगच पुढचा चमचा. हे आम्हाला दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं. आईला शेवटपर्यंत पाठीला जखम झाली नाही.

पैशाचंही सांगते, कारण बहिणी-बहिणी तिथंच तुटतात. 2023 पासून कर्नाटकात राहणाऱ्या आम्हा बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट नाही, आणि महाराष्ट्राच्या एसटीत अर्धं आहे. त्यामुळं ये-जा परवडली. माझ्या खात्यावर कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला 2000 यायचे, ते डायपरला आणि आंघोळ घालायला येणाऱ्या मावशींना जायचे. पण धाकटी आईकडे असताना तिची दोन पोरं तिच्या सासूनं सांभाळली, तो वाटा मी या सगळ्याहून मोठा धरते. त्या बाईनं माझ्या आईला आयुष्यात चार वेळा पाहिलं असेल.

आई गेल्यावर हवेची गादी आम्ही गल्लीतल्या एका घराला दिली. तिथून ती पलीकडच्या गल्लीत गेली. जिथं गादी जाते तिथं वहीपण ठेवायला सांगतो.

निपाणी, विडी वळणाऱ्या घरातली मुलगी

आमच्या घरात आई, आज्जी, आत्या तिघी विड्या वळायच्या. रात्री पानं भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायची. मग सूप मांडीवर घेऊन दिवसभर तंबाखू भर, वळ, दोरा बांध, तोंड मुडप. हजाराचा हिशेब असायचा, आणि ठेकेदार खराब विड्यांची छाट काढायचा ती वेगळी. शाळेतून आलं की मुलींनी तोंडं मुडपायची, हा घराचा नियमच होता. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींची बोटं तंबाखूनं पिवळी असायची.

मी सातवीत असताना आज्जीनं सुपातनं माझा हात बाजूला सारला. "तू पुस्तक घे. तुझ्या वाटच्या दोनशे मी वळतो," म्हणाली. तिला तेव्हा मोतीबिंदू होता, ती बोटांच्या अंदाजानं वळायची. छाट वाढली, आई चिडली, आत्या बोलायची बंद झाली, पण आज्जी मागं हटली नाही. विडी कामगारांच्या मुलांना कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळते हे आईला कामाच्या ठिकाणी कळलं. त्यासाठी कामगार कार्ड लागतं. ते काढायला आई आणि आत्या दोघी मिळून गेल्या, तोवर आत्याचा रागही गेला होता.

मी आज नर्स आहे. घरानं मला शिकवलं हे खरं, आणि त्याच घरानं मला लहान वयात तंबाखूच्या धुळीत बसवलं हेही खरं. दोन्ही गोष्टी गरिबीनं करायला लावल्या. घराला चांगली मजुरी मिळाली असती तर आज्जीला माझं काम अंगावर घ्यावं लागलं नसतं. कुटुंब-कुटुंब म्हणून कौतुक करणाऱ्यांनी कुटुंबाच्या हातात काय पडतं हेही बोलावं.

बेळगाव तालुका, फौजीची बायको

आमच्या गावात घरटी फौजी. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळं भरतीचं वेड पोरांना बारक्यापणापासून. मालक सीमेवर असताना माझी दोन्ही बाळंतपणं जावेनं काढली. भात लावणीच्या दिवसांत दीर आमचा तुकडा आधी लावायचे, मग स्वतःचा. देश राखणाऱ्याचं घर कुणीतरी राखावं लागतं, आणि ते करणाऱ्याला पेन्शन नसते. मालक रिटायर होऊन आल्यावर पहिलं काम केलं ते जावेच्या पोरीच्या कॉलेजची फी उचलली.

(धागा सुरू करणारी मी, मधेच बोलते: निपाणीच्या ताईंचं शेवटचं म्हणणं मला पूर्ण पटतं. घरानं सगळं करावं आणि सरकारनं, कामावर ठेवणाऱ्या मालकानं हात झटकावेत असा अर्थ कुणी काढू नये. पुढचे अनुभव वाचताना हे ध्यानात असू द्या.)

चिकोडी तालुका, माळावरचं गाव

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम फुगल्या. सुनेचं माहेर नदीकाठी. रात्री फोन आला आणि पहाटे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून व्याही, विहीणबाई, त्यांच्या भावकीतली दोन घरं, चार म्हशी असं सगळं आमच्या दारात. तीन खोल्यांच्या घरात 19 माणसं आणि एक संडास.

खायचं जमतं हो. पिठाची गिरणी चालू होती, आणि शेजारच्या कन्नड घरातून रोज कडक रोट्ट्यांची चवड यायची, न सांगता. अडचण झाली ती न्हाण्याधुण्याची आणि झोपायची. ती गल्लीनं सोडवली. दोन घरांनी आपली न्हाणी उघडून दिली, म्हातारी माणसं देवळाशेजारच्या घरात झोपायला गेली. म्हशी त्याच रोट्टीवाल्यांच्या गोठ्यात.

व्याही दोन दिवस जेवेनातच. मुलीच्या घरी फुकट कसं खायचं, हे डोक्यात. शेवटी माझ्या मालकांनी त्यांच्या हातात विळा दिला, म्हटलं "मामा, वैरणीचं तुमच्याकडं." त्या दिवसापासून जेवायला लागले. माणसाला आसरा द्यायचा तर त्याला करायला कामपण द्यायचं, हे मालकांना कुणी शिकवलं नव्हतं.

पाणी उतरल्यावर आमच्या गावातनं ट्रॅक्टर गेले, खोरी-घमेली घेऊन. घरात मांडीएवढा गाळ. सुनेच्या भावाचे दहावीचे कागद भिजले होते, ते तिनं एकेक सुटं करून बाजेवर वाळवले आणि मग कापड घालून हलकी इस्त्री फिरवली. मार्कशीट वाचता येते अजून.

रायबाग तालुका

आमच्या घरात बाप नव्हता. आईला लहानपणी देवदासी म्हणून यल्लम्मा देवीला सोडलेलं. कायद्यानं ही प्रथा 1982 मध्ये बंद केली, पण ज्यांना आधीच सोडलं होतं त्यांचं आयुष्य कुठं बंद होतं? आई, आज्जी आणि आईसारखीच सोडलेली एक मावशी, जिचं आमचं रक्ताचं नातं काही नाही, अशा तिघींनी आम्हा भावंडांना वाढवलं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्यात काय लिहायचं यावर एकदा सगळ्या वर्गासमोर विचारणा झाली. दुसऱ्या दिवशी मावशी शाळेत आली आणि म्हणाली, "आईचं नाव ल्ह्या. जेवाय घालत्या ती, शाळंत पाठवत्या ती." आईचंच नाव लागलं.

माझ्या लग्नात कन्यादान मावशीनं केलं. या धाग्यावर कुटुंब कशाला म्हणायचं हा वाद होणार असेल तर माझं घरही त्यात धरा.

बेळगावातलं वडगाव, विणकर

आम्ही चार भाऊ. चुली वेगळ्या झाल्या, माग एकाच शेडमध्ये राहिले. कुणाचा माग बंद पडला की दुसऱ्याच्या मागावर पाळी मिळते, बायका कांड्या भरतात त्याचे पैसे आता त्यांच्या हातात वेगळे देतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सूत येईना, तयार साड्या उचलायला व्यापारी येईना. तेव्हा चारी चुलींचं धान्य एका कोठीत टाकलं, नंतर परत वेगळं केलं. वेगळं होणं म्हणजे तुटणं नव्हे. रोज एकत्र जेवून एकमेकांचं तोंड न बघणारी घरंही आमच्या गल्लीत आहेत.

खानापूर, जंगलाकडच्या गावचा

आमचं गाव भीमगडच्या रानातलं. पावसाळ्यात नाले भरले की रस्ता तुटतो. आजारी माणसाला खुर्चीला वासे बांधून खांद्यावर आणावं लागतं, आणि त्या खुर्चीला प्रत्येक घरातला एक खांदा द्यायचा हा गावचा रिवाज आहे. तुमचं त्या घराशी बोलणं नसलं तरी.

सातवीनंतर शिकायचं तर खानापूरला राहणं आलं. मी आत्याकडे राहिलो. दोन खोल्या, त्यात आत्याची तीन पोरं आणि आम्ही भाचे. सुगी झाली की आबा भाताचं पोतं, नाचणी आणि उन्हाळ्यात काजू-फणस पोचवायचे, तेवढीच आमची खानावळ. आत्याचा एकच नियम होता: पाणी सगळ्यांनी भरायचं, तिच्या पोरांनी पहिल्यांदा. आम्हाला उपऱ्यासारखं कधी वाटलं नाही त्याचं कारण तो नियम. आत्याचे यजमान मात्र वर्षानुवर्षं पडवीत झोपले, आणि आतली जागा आम्हाला मिळाली, हे मला नोकरी लागल्यावर उमगलं.

सध्या माझ्याकडे गावची दोन मुलं शिकायला आहेत. एक भावकीतला, एक नात्यातला नाही. बायको बँकेत जाते, सकाळचा भात-आमटी माझ्याकडे. पाणी माझा मुलगा पहिल्यांदा भरतो.

बेळगाव तालुका, माहेरी परत आलेली

नवऱ्याच्या दारूपायी दोन पोरं घेऊन माहेरी आले. वडील नव्हते. भाऊ म्हणाला, रहा की, तुझंच घर आहे. पण जेव्हा मी शेतातल्या वाट्याचं बोलले तेव्हा घरातलं वारं फिरलं. मुलीनं हक्कसोड द्यायचा, साडीचोळी घ्यायची, सणाला यायचं, असं आमच्याकडे चालत आलेलं. मी मागितलं म्हणून भावकीत माझी निंदा झाली. कर्नाटकात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क 1994 मध्येच आला, पुढं 2005 मध्ये देशभर झाला. कायदा मला माहीत होता, पण भावाविरुद्ध कोर्टात जायची माझी छाती नव्हती.

वाट काढली वहिनीनं. एका रात्री जेवणं झाल्यावर ती सगळ्यांसमोर भावाला म्हणाली, "उद्या आमच्या पोरीवर अशी पाळी आली तर ती कुठं जाईल? आज तुम्ही जे कराल तेच तिचा भाऊ करंल." भाऊ बराच वेळ गप्प होता. लावणी उरकल्यावर तो मला घेऊन वकिलाकडे गेला. उताऱ्यावर माझं नाव लागलं.

वहिनीला या व्यवहारात फायदा काहीच नव्हता, जमीन तिच्या घरातनं कमी झाली. तरी ती बोलली. आमचे बांध वेगळे, कामाला दोघी एकमेकींच्या शेतात. मी रताळी करते, ती भात आणि बटाटा. माल मार्केट यार्डला एकाच टेंपोतनं जातो, भाडं निम्मं-निम्मं.

हक्कसोडाच्या कागदावर सही करायच्या आधी गल्लीतल्या बायका आता वहिनीकडे येतात. तिला कळतं तेवढं ती वाचून सांगते, आणि मोजणीचं किंवा बोज्याचं काही असलं तर त्याच वकिलाकडे घेऊन जाते.